वडिलांना ॲस्बेस्टोसिस निघाला, पण कंपनी सोडून तेरा वर्षं झाली. भरपाई मिळेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील १९८३ साली सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात लागले आणि २०१२ मध्ये व्हीआरएस घेऊन बाहेर पडले. आता वय ६५. घराच्या चार पायऱ्या चढल्या की धाप लागते. २०१३ मध्ये पालिकेच्या दवाखान्यात टीबी समजून सहा महिने गोळ्या दिल्या होत्या. थुंकीत काही सापडलं नव्हतं. गेल्या दिवाळीनंतर सीटी स्कॅन केला, त्यात ॲस्बेस्टोसिसची (पत्र्यांत मिसळायच्या ॲस्बेस्टॉस तंतूंच्या धुळीने फुफ्फुस ताठर होतं, त्या आजाराची) शंका लिहून आली. कंपनीत फोन केला तर उत्तर मिळालं, "तुमचा हिशेब तेव्हाच पूर्ण झालाय, फुल अँड फायनलवर वडिलांची सही आहे." वडील पाटण तालुक्यात गावी राहतात, विचारणारा मुलगा डोंबिवलीत.

भरपाई मागता येईल. सोपं नाही, पण तुमच्या प्रश्नातच एक गोष्ट अशी आहे की जिच्यामुळे मला हा दावा लढण्यासारखा वाटतो. ती गोष्ट म्हणजे तो २०१३चा टीबीचा केसपेपर. तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे. मी मात्र सगळं उत्तर तिच्याभोवतीच देणार आहे.

आधी त्या सहीचं बघू, कारण निम्मी माणसं तिथेच मागे फिरतात. १९२३चा कामगार नुकसानभरपाई कायदा, ज्याचं नाव २०१० पासून कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झालं, त्याचं कलम १७ सरळ सांगतं की इजेची भरपाई सोडून देतो असा कोणताही करार बाद आहे. करार कायद्याच्या आधी झालेला असो वा नंतर. व्हीआरएसच्या कागदावर "कंपनीकडून कुठलंही येणं बाकी नाही" असं वडिलांनी लिहून दिलं असेल तर ते ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, बोनस यांच्यापुरतं. शिवाय २०१२ मध्ये त्यांना आजार झालाय हेच माहीत नव्हतं. जे माहीत नाही ते सोडणार कसं? कंपनीचा माणूस फोनवर बोलला ते विसरून जा आणि यापुढे फोनवर काही बोलू नका. जे काय ते लेखी.

आता मुदत. या कायद्यात दावा करायची मुदत दोन वर्षं आहे आणि ॲस्बेस्टॉसच्या आजारात खरी मारामारी तिथेच होते. धूळ छातीत जाते तेव्हा काही कळत नाही. वीस-तीस वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, फुफ्फुस ताठर व्हायला लागतं. तोवर माणूस निवृत्त होऊन गावी आंब्याची कलमं लावत असतो. कायदा करणाऱ्यांनी हे अर्धवटच ओळखलं. कलम १० मध्ये एक परंतुक आहे: ठरावीक काळ त्या धोक्याच्या कामात असलेल्या माणसाने काम सोडलं, आणि सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत त्याला त्या कामाच्या खास आजाराची लक्षणं दिसली, तर लक्षणं पहिल्यांदा आढळली तो दिवस हाच 'अपघाताचा दिवस' धरायचा.

वडिलांनी काम सोडलं २०१२ मध्ये. २०१३ मध्ये ते खोकला आणि धाप घेऊन पालिकेच्या दवाखान्यात गेले. म्हणजे लक्षणं दोन वर्षांच्या आत आली, आणि ती सरकारी कागदावर आहेत. डॉक्टरांनी त्याला टीबी म्हटलं ही डॉक्टरांची चूक. लक्षणं त्यामुळे खोटी होत नाहीत. थुंकी निगेटिव्ह, टीबीची औषधं पूर्ण घेऊनही धाप गेली नाही, आणि आज सीटीत ॲस्बेस्टोसिस. हे तीन कागद शेजारी शेजारी ठेवले की गोष्ट आपोआप उलगडते. मुंबईत हे इतक्यांदा पाहिलंय की धुळीच्या खात्यातल्या माणसाच्या फाइलमध्ये टीबीचं कार्ड दिसलं की मी आधी थुंकीचा रिपोर्ट शोधते.

तुम्ही लगेच म्हणाल, मग २०१३ पासून दोन वर्षं म्हणजे २०१५, ती तर केव्हाच गेली. बरोबर. म्हणून दाव्यासोबत उशीर माफ करण्याचा अर्ज द्यायचा. पुरेसं कारण असेल तर उशीर माफ करायचा अधिकार कमिशनरला, म्हणजे भरपाईचे हे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला, त्याच कलमाने दिलाय. इथलं कारण धडधडीत आहे: सरकारी दवाखान्याने वेगळा आजार सांगितला, खरा आजार सीटीनंतर कळला. पण यात एक अट मनाशी धरा. सीटीच्या रिपोर्टवरची तारीख आणि तुमच्या अर्जाची तारीख यांत जितकं अंतर कमी तितकं बरं. 'आधी औषधपाण्याचं बघतो, मग कोर्टाचं' असं म्हणत लोक वर्षभर काढतात आणि मग त्या वर्षाचा जाब मला द्यावा लागतो.

रिपोर्टवर सध्या काय लिहिलंय? तुम्ही म्हणता 'शंका'. शंकेवर भरपाई मिळत नाही. छातीच्या डॉक्टरांकडे परत जा, आणि जाताना वडिलांच्या कामाचा एक पानी इतिहास स्वच्छ अक्षरात घेऊन जा. कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत कोणत्या खात्यात, हातात काय काम, तोंडाला फडकं होतं की मास्क, धूळ ओढणारा पंखा चालू असायचा का. डॉक्टर वाईट नसतात, पण ओपीडीत त्यांना पाच मिनिटं असतात आणि 'काय काम करायचात' याचं उत्तर केसपेपरवर 'रिटायर्ड' एवढंच येतं. त्या एका शब्दापायी प्रकरणं बुडालेली मी पाहिली आहेत.

तपासण्यांत साधा एक्सरे पुरत नाही. एचआरसीटी, म्हणजे बारीक थरांचा सीटी स्कॅन, लागतो, आणि शक्य असेल तर पालथं झोपवूनही काढलेला. कारण उताणं झोपल्यावर फुफ्फुसाच्या मागच्या बाजूला जी छाया दिसते ती कधी कधी नुसती वजनाने पडलेली असते आणि समोरचा वकील नेमकं तेच विचारतो. पीएफटी, म्हणजे फुंकायची तपासणी, आणि तिच्यासोबत डीएलसीओ. रक्तात प्राणवायू किती जातो ते त्यावरून कळतं आणि अपंगत्वाची टक्केवारी ठरवताना डॉक्टरांना त्याचाच आधार लागतो. बायोप्सी बहुतेक वेळा लागत नाही. ६५ वर्षांच्या, धाप लागणाऱ्या माणसाला केवळ कोर्टासाठी सुई टोचून घेऊ देऊ नका. शेवटी डॉक्टरांच्या पत्रात दोन गोष्टी शब्दांत हव्यात: आजार कामावरच्या ॲस्बेस्टॉसमुळे झालाय, आणि त्यामुळे कमाईची क्षमता कायमची अमुक टक्के गेली. 'कोरिलेट क्लिनिकली', म्हणजे रुग्णाला तपासून ठरवा, असं लिहिलेला रिपोर्ट कोर्टात कुणाच्याच कामाचा नाही.

रिपोर्टमध्ये फक्त 'प्ल्युरल प्लाक' असेल तर वेगळं. फुफ्फुसाच्या आवरणावरचे ते चट्टे. धुळीत काम केल्याची ती पक्की खूण आहे, पण नुसत्या चट्ट्यांनी बहुधा धाप लागत नाही, म्हणून कमाई गेली हे दाखवता येत नाही. पुरावा म्हणून ते सोन्यासारखे, भरपाई म्हणून पितळ.

वडील बिडी ओढायचे का? तुम्ही लिहिलं नाही, पण उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येतो. ओढत असतील तर लपवू नका. बिडीने ॲस्बेस्टोसिस होत नाही. मेसोथेलिओमा, म्हणजे आवरणाचा कॅन्सर, तोही बिडीने होत नाही. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये मात्र बिडी आणि ॲस्बेस्टॉस एकमेकांना हात देतात, तिथे उत्तर तयार ठेवावं लागतं. खोटं बोलून पकडलं गेलं तर धुळीबद्दल सांगितलेलं खरंही बुडतं.

आता मी ज्याला दाव्याचा कणा मानते ते: वडील नेमके कोणत्या खात्यात होते. कंपनी हे कधीच नाकारत नाही की माणूस कामाला होता. ती म्हणते, 'हो, होता, पण पॅकिंगला होता, धुळीशी संबंध नव्हता.' नियुक्तीपत्रावर खातं नसतं. पीएफच्या कागदावरून फक्त नोकरी कळते. मग काय?

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे असंच एक प्रकरण होतं, कारखान्याचं नाव सांगत नाही. माझा अशील मिक्सर खात्यात होता. गोणी सुरीने चिरायची, आतली पांढरी रुई, म्हणजे ॲस्बेस्टॉस, हॉपरमध्ये झटकायची, रिकाम्या गोणीची घडी घालून ठेवायची. आठ तास. कंपनीने शपथेवर सांगितलं की तो यार्डात पत्रे मोजायचा. हजेरी रजिस्टर मागितलं तर उत्तर आलं, पुरात भिजलं. तीन तारखा तशाच गेल्या. एकदा कोर्टाबाहेर चहा पिताना अशिलाची बायको सहज म्हणाली, "गूळ तर रोज आणायचे घरी, पोरं वाट बघायची." कसला गूळ? तर धुळीच्या खात्यातल्या माणसांना कंपनी रोज गुळाचा खडा द्यायची, घशातली धूळ उतरावी म्हणून. आणि तो कॅन्टीनमध्ये सही करून घ्यायचा. फक्त धुळीच्या खात्यांना. यार्डवाल्यांना नाही.

त्या कॅन्टीनचा जुना कंत्राटदार भाईंदरला निघाला. त्याच्या माळ्यावर बिलांच्या गठ्ठ्यात तीन वर्षांची गुळाची वही होती. लाल पुठ्ठा, उंदरांनी एक कोपरा खाल्लेला, आत तिकीट नंबर आणि सह्या. माझ्या अशिलाचा तिकीट नंबर महिन्यात पंचवीस-पंचवीस वेळा. गुळाने धूळ फुफ्फुसातून निघत नाही हे वेगळं सांगायला नको, पण त्या दिवशी त्या गुळाने काम केलं. पुढे कंपनी तडजोडीला आली.

म्हणून वडिलांना शांतपणे बसवून हे विचारा. तिकीट नंबर काय होता? खात्याचा मुकादम कोण? गूळ, दूध, साबण, जादा गणवेश, धुळीचा भत्ता असं काही मिळायचं का? पगाराच्या पावतीवर त्याची ओळ असते, आणि जुन्या पावत्या आया गव्हाच्या डब्याखाली ठेवतात. युनियनची वर्गणीची पावती, कराराची पुस्तिका, खात्याच्या सत्यनारायणाचा फोटो (मागे मशीन दिसत असेल तर तोही पुरावा), ओळखपत्र, कारखान्यातल्या छातीच्या तपासणीची चिठ्ठी. आणि सोबतचे दोन-तीन जण, जे त्याच पाळीत होते आणि अजून बोलू शकतात. त्यांची प्रतिज्ञापत्रं आधी करून घ्या. या खात्यांतली माणसं फार दिवस पुरत नाहीत, हे मी कठोरपणे नाही, अनुभवाने लिहितेय.

कंपनीकडच्या नोंदींबद्दल एक तारीख लक्षात ठेवा. २७ जानेवारी १९९५ला सर्वोच्च न्यायालयाने कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला आणि ॲस्बेस्टॉस उद्योगांना काही आदेश दिले. त्यातला एक: प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोपर्यंत जपायची. वडिलांचा हिशेब मांडा. १९८३ अधिक ४० म्हणजे २०२३. २०१२ अधिक १५ म्हणजे २०२७. यातलं नंतरचं २०२७. म्हणजे नोंद जपण्याचं बंधन आजही कंपनीवर आहे. आजच रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह, ती मागा. दिली तर उत्तम. 'नाही' म्हणाले तर त्याहून उत्तम, कारण जी नोंद ठेवायलाच हवी होती ती नाही म्हणणाऱ्याबद्दल काय समजायचं हे कमिशनर ठरवतो. २०२८ मध्ये हेच पत्र पाठवलं असतं तर त्यात इतका दम राहिला नसता. २०११ मध्ये ॲस्बेस्टॉसवर बंदी घालायची मागणी न्यायालयाने फेटाळली तेव्हाही १९९५चे हे आदेश कायम ठेवले. बंदी नाहीच, पांढरा ॲस्बेस्टॉस आपल्याकडे आजही परदेशातून येतो.

त्याच निकालात अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने आजार प्रमाणित केला तर त्या कामगारांना कारखान्याने एक लाख रुपये द्यायचे, असंही होतं. तो आकडा त्या प्रकरणातल्या गुजरातच्या कामगारांसाठी होता. सरसकट सगळ्यांना लाख मिळतो असं सांगणारे भेटतील, विश्वास ठेवू नका.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे माहिती अधिकारात एक अर्ज टाका: त्या कारखान्याची त्या काळातली निरीक्षणं, हवेतल्या तंतूंच्या मोजणीचे अहवाल, आणि तिथून ॲस्बेस्टोसिसचे रुग्ण कळवले गेले होते का. असा रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरने तो कळवायचाच असतो; नोव्हेंबर २०२५ पर्यंत हे कारखाने कायद्याच्या कलम ८९ मध्ये होतं, आता नव्या श्रमसंहितेत आहे. तुमच्या डॉक्टरांनाही तसं कळवायला सांगा. ते कळवणं हाही पुढे एक कागद होतो.

इथे ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेचा, गुंता येतो आणि त्यात भलेभले वकील पडतात. कामगार ईएसआयमध्ये विमाधारक असेल तर भरपाई ईएसआय देतं, आणि मग ईएसआय कायद्याच्या कलम ५३ मुळे कंपनीकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. यात तोटाच असतो असं मात्र नाही: ईएसआयचा कायमच्या अपंगत्वाचा लाभ महिन्याच्या महिन्याला, आयुष्यभर मिळतो, पगाराच्या ९० टक्क्यांवर, कमाई जितकी टक्के गेली त्या प्रमाणात. वडिलांच्या बाबतीत प्रश्न आहे तो ते ईएसआयमध्ये कधीपर्यंत होते याचा. पगाराची मर्यादा १९९७ला ६,५०० होती, २००४ला ७,५००, २००६ला १०,०००, मे २०१०ला १५,०००. युनियनच्या करारांनी कायम कामगारांचे पगार तिच्यापुढे पळायचे, म्हणून अशी माणसं मध्येच ईएसआयबाहेर फेकली गेली. पगाराच्या पावतीवर ईएसआयची कपात कोणत्या महिन्यात थांबली ते बघा. थांबली असेल तर ईएसआयच्या शाखा कार्यालयात अर्ज द्या आणि 'या तारखेला विमाधारक नाही' हे लेखी मिळवा. कंपनीचा वकील 'ईएसआयकडे जा' म्हणेल तेव्हा ते पत्र पुढे करायचं.

पैशाचं गणित. ईएसआय लागू नसेल असं धरून. कायमच्या पूर्ण अपंगत्वात महिन्याच्या पगाराच्या ६० टक्क्यांना वयाच्या गुणकाने गुणायचं. 'अपघाताचा दिवस' २०१३चा धरला तर वडिलांचं वय ५३, गुणक १४२.६८. पगाराची त्यावेळची कमाल मर्यादा ८,००० (१५,००० झाली ती जानेवारी २०२० मध्ये). म्हणजे ४,८०० गुणिले १४२.६८, ६,८४,८६४ रुपये. डॉक्टरांनी कमाईची क्षमता ४० टक्के गेली असं लिहिलं तर त्याचे ४० टक्के, साधारण २ लाख ७४ हजार. कंपनीने वेळेत दिले नाहीत म्हणून १२ टक्के व्याज, वर्षाला जवळपास ३३ हजार. बारा वर्षांचं व्याज मान्य झालं तर ते मुद्दलापेक्षा मोठं होतं. उशीर माफ करताना कमिशनर व्याजाची तारीख पुढे आणू शकतो, म्हणून मी अशिलाला व्याज कबूल करत नाही. कसूर ठरली तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही असतो.

दिवस आजचा धरला तर वय ६५, गुणक ९९.३७, पगार १५,००० धरून ९,००० गुणिले ९९.३७, म्हणजे ८,९४,३३०, आणि ४० टक्क्यांचे साधारण ३ लाख ५८ हजार. कागदावर हे जास्त दिसतं, पण मुदतीच्या परंतुकात बसतं ते २०१३च. मोठ्या आकड्यामागे लागून दावाच मुदतीबाहेर नेऊ नका. मी २०१३ मुख्य मुद्दा म्हणून मांडते आणि दुसरा पर्यायी.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. घाबरू नका. व्यावसायिक आजारांची यादी तिथेही तिसऱ्या अनुसूचीतच आहे. तुमचा हक्क जुन्या कायद्याच्या काळातला, तो नव्या कायद्याने पुसला जात नाही. अर्जात दोन्हींचा उल्लेख असावा, एवढंच.

दावा कुठे? कमिशनरपुढे, आपल्याकडे हे काम सहसा लेबर कोर्टाचे न्यायाधीश पाहतात. वडील राहतात तिथे, म्हणजे सातारा जिल्ह्यातही करता येतो. तरी मी कारखाना जिथे होता तिथेच करायला सांगेन, कारण साक्षीदार त्या भागातल्या चाळींत आहेत. वडिलांना यायला जमणार नसेल तर त्यांची साक्ष गावी जाऊन नोंदवून घेण्याची मागणी करता येते. कंपनी हरली आणि हायकोर्टात जायचं म्हणाली तर आधी भरपाईची रक्कम जमा करावी लागते; कामगाराच्या बाजूने असलेली ही एक चांगली तरतूद आहे.

कंपनी विकली गेली असेल, नाव बदललं असेल, गेटच्या जागी टॉवर उभा राहिला असेल, तरी दावा मरत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर जुन्या नावाने शोधलं की नवं नाव मिळतं. वडील कंत्राटदाराच्या हाताखाली असते तरी मुख्य मालकाला धरता आलं असतं.

इंटरनेटवर शोधल्यावर अमेरिकन वकिलांच्या जाहिराती येतील, लाखो डॉलरच्या. त्या अमेरिकेत किंवा अमेरिकन मालामुळे आजारी पडलेल्यांसाठी असतात. परदेशी मूळ कंपनीची वाट अगदीच बंद मात्र नाही. घाटकोपरची हिंदुस्थान फेरोडो ही मँचेस्टरच्या टर्नर अँड न्यूऑलची उपकंपनी होती. टर्नर १९९८ मध्ये फेडरल-मोगलने घेतली, २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि त्यातून आजाऱ्यांसाठी ट्रस्ट उभे राहिले. दक्षिण आफ्रिकेच्या खाणकामगारांना केप कंपनीविरुद्ध इंग्लंडमध्ये दावा चालवायला हाउस ऑफ लॉर्ड्सने २०००मध्ये परवानगी दिली. वडिलांच्या कारखान्यात परदेशी भागीदार होता का, एवढं तपासा. नसेल तर या वाटेवर वेळ घालवू नका.

एक नाजूक गोष्ट, पण लिहायलाच हवी. दावा चालू असताना वडिलांचं काही बरंवाईट झालं तर तो आजारानेच झालेला मृत्यू हे सिद्ध करावं लागेल. मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदय व श्वसन बंद पडल्याने' एवढंच लिहून डॉक्टर मोकळे होतात. सगळ्यांचंच हृदय शेवटी बंद पडतं. मृत्यूच्या कारणाच्या फॉर्मवर खालच्या ओळीत मूळ कारण लिहायची जागा असते, तिथे ॲस्बेस्टोसिस यायला हवा. आणि तेव्हा दावा आईच्या नावाने चालेल. तुम्ही कमावते, सज्ञान मुलगा म्हणून कायद्याने अवलंबित नाही. कंपनीचा कुणी घरी येऊन पाकीट ठेवू लागला तर घेऊ नका. मृत्यूची भरपाई कमिशनरकडेच जमा करायची असते, हातात दिलेली धरली जात नाही.

आईचा एक्सरे काढलाय का? पाळीवरून आलेले कपडे कोण धूत होतं? मोरीत कपडे झटकणारी, गोणीचं पोतं दाराला पडदा म्हणून लावणारी बाई तीच धूळ घेते. तिला हा कायदा लागू नाही, ती कामगार नव्हती. तिच्यासाठी दिवाणी दावा हाच मार्ग उरतो आणि तो लांबचा. पण तपासणी लांबची नाही.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळायचा हक्क आहे. 'मिळतील त्यातले तीस टक्के' असं ठरवणाऱ्या वकिलाकडे जाऊ नका, बार कौन्सिलचे नियमच त्याला तसं ठरवू देत नाहीत.

या शनिवारी गावी जाणार असाल तर वडिलांकडून तो एक पानी इतिहास लिहून घ्या, त्यांच्याच शब्दांत, आणि खाली सही, तारीख. पगाराच्या पावत्या शोधा. आणि २०१३चा केसपेपर सापडला की त्याच्या झेरॉक्स काढा, मूळ कागद प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. लॅमिनेट करू नका. मागचे शिक्के वाचता येत नाहीत आणि कंपनीचा वकील त्यावरच अर्धी तारीख खातो.